इवल्या आरशांवरचा उजेड

टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या अमेरिकी कंपनीत लॅरी हॉर्नबेक यांनी १९८७ साली डिजिटल मायक्रोमिरर उपकरण घडवले. चिपवरचा प्रत्येक आरसा मिलिमीटरच्या साठाव्या भागाएवढा. तो एका बाजूला कलला की प्रकाश पडद्यावर जातो, दुसऱ्या बाजूला कलला की वाया जातो. १९९६ पासून या चिपचे प्रोजेक्टर बाजारात आले. त्यांत पाऱ्याच्या वाफेचा दिवा असे आणि त्यापुढे फिरणारी रंगचकती. चकती एका वेळी एकच रंग पुढे सोडी, त्यामुळे पांढऱ्या प्रकाशाचा मोठा भाग तिथेच अडे. दिवाही काही हजार तासांत बदलावा लागे.

एलईडीने हे दोन्ही दोष घालवले. लाल, हिरवी आणि निळी एलईडी क्षणार्धात आलटूनपालटून पेटवता येते, म्हणून चकतीची गरजच उरत नाही. तरी २००५ च्या सुमारास मित्सुबिशी, सॅमसंग आणि तोशिबा यांनी आणलेले खिशाएवढे प्रोजेक्टर अंधाऱ्या खोलीतच कामाचे होते.

याचे कारण प्रकाशशास्त्राच्या एका मूलभूत नियमात आहे. उगमाचे क्षेत्रफळ आणि प्रकाश ज्या घनकोनात पसरतो तो घनकोन यांच्या गुणाकाराला एटेंड्यू म्हणतात. भिंगे आणि आरसे कितीही कुशलतेने मांडले तरी प्रकाश न गमावता तो कमी करता येत नाही. एलईडीचा प्रकाश समोरच्या साऱ्या अर्धगोलात पसरतो. आरसा मात्र १२ अंशच कलतो आणि तेवढ्याच अर्धकोनाच्या शंकूतला प्रकाश नीट वापरू शकतो. १४ बाय १०.५ मिलिमीटरच्या चिपसाठी हिशेब केला, तर एलईडीचा जेमतेम साडेसहा चौरस मिलिमीटरचा पृष्ठभाग उपयोगी पडतो. त्याहून मोठी एलईडी लावल्यास वीज जास्त जाते, पडद्यावरचा उजेड तेवढाच राहतो.

पुढची सारी रचना या मर्यादेच्या आत बसवलेली आहे. एलईडीच्या अगदी जवळ ठेवलेली दोन-तीन भिंगे प्रकाश गोळा करतात. ठरावीक रंग परावर्तित करून बाकीचे आरपार जाऊ देणारे डायक्रॉइक आरसे तिन्ही रंग एकाच मार्गावर आणतात. रंग वेगळे असल्याने एटेंड्यू वाढत नाही. मग छोट्या भिंगांची जाळी त्या प्रकाशाचा एकसारखा आयत बनवते. ल्युमिनस डिव्हाइसेसने तर एलईडीच मोठी, अखंड आणि आयताकृती केली. २००६ मध्ये सॅमसंगच्या मागून प्रक्षेपण करणाऱ्या टीव्हीत ती बसली.

सर्वांत हट्टी अडचण हिरव्या रंगाची. डोळ्याला जाणवणाऱ्या उजेडाचा मोठा वाटा हिरव्याचा, आणि नेमकी तीच एलईडी कमी कार्यक्षम. यावर निघालेला तोडगा फार सुंदर आहे: निळ्या एलईडीवर हिरवा प्रकाश देणारा फॉस्फर चढवायचा आणि समोरूनही दुसऱ्या निळ्या एलईडीचा झोत त्यावर टाकायचा. उगमाचे क्षेत्रफळ तेवढेच राहून हिरवा उजेड वाढतो. फिलिप्सने फॉस्फरच्या लांब कांडीला बाजूंनी निळ्या एलईडी लावून तिच्या टोकातून हिरवा प्रकाश काढला.

आरशांतही सुधारणा झाली. ५.४ मायक्रॉनच्या नव्या आरशांचा कल १७ अंशांवर गेला. त्याच क्षेत्रफळाच्या चिपची प्रकाश सामावण्याची मर्यादा त्यामुळे जवळजवळ दुप्पट झाली. हातात मावणाऱ्या प्रोजेक्टरांत एलईडी त्यानंतर पक्की रुजली. सिनेमागृहाच्या मोठ्या पडद्यासाठी मात्र ती अपुरीच आहे; तिथे झेनॉन दिव्याची जागा लेझर घेत आहे.