गूल्डचे बजी, कॉक्सनची मेहनत

दुकानात ‘लव्हबर्ड’ म्हणून जे पक्षी आपण घेतो ते बहुतेकदा बजी असतात, मूळचे ऑस्ट्रेलियातले. 1840 मध्ये जॉन गूल्डने ते जिवंत इंग्लंडला नेले आणि नाव त्याचंच झालं. पण त्यांना हाताने भरवून वाढवलं होतं त्याच्या मेव्हण्याने, चार्ल्स कॉक्सनने. बहुतेक ठिकाणी त्याच्या वाट्याला एखादी ओळ येते.

भरवणं म्हणजे काय, ते मला माझ्याच चुकीतून कळलं. साधारण पाचव्या आठवड्यात पिल्लू मडक्यातून बाहेर येतं, दाणे टोचायला लागतं. मला वाटलं, झालं, सुटलं! वेगळ्या पिंजऱ्यात टाकलं. बाजरीची टरफलं पडत होती, म्हणून मी निवांत. पण ते नुसतं चघळत होतं, गिळत नव्हतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हातात घेतलं तर गळ्याखालची अन्नपिशवी रिकामी, छातीचं हाड बोटाला टोचलं. परत आत सोडल्यावर बापाने लगेच भरवलं (बाहेर आलेल्या पिल्लांचं हे काम बहुतेक बापच करतो). वाचलं.

तेव्हा इंग्लंडचा बोटीचा प्रवास महिनोनमहिन्यांचा. स्वतःचं स्वतः खाणारं पिल्लूच त्यात टिकणार. ते कधी तयार झालं, हे कॉक्सनला आधीच ओळखावं लागलं असणार.

मी आता रोज रात्री अन्नपिशवी बघतो.