तोतरेपणा : उपचाराचे ध्येय कोणी ठरवायचे?

बोलताना एखादा ध्वनी पुन:पुन्हा उमटणे, तो लांबणे किंवा शब्द ओठांवर येऊन अडकणे, यास तोतरेपणा म्हणतात. प्रौढांमध्ये शंभरातील सुमारे एका व्यक्तीत तो आढळतो. बालपणी सुरू झालेला तोतरेपणा बहुतेक मुलांमध्ये कालांतराने नाहीसा होतो. प्रौढ वयापर्यंत टिकल्यास मात्र तो समूळ जाण्याची शक्यता कमी असते. तो हमखास बरा करणारे औषधही उपलब्ध नाही. त्यामुळे उपचारातून नेमके काय साधायचे, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

उपचारांच्या मुख्य पद्धती दोन आहेत. पहिलीत श्वासावर ताबा, संथ गती आणि हळुवार उच्चार यांद्वारे बोलणे प्रवाही केले जाते. त्यासाठी सतत सावध राहावे लागते आणि असे बोलणे काहींना कृत्रिम वाटते. दुसरी पद्धत अमेरिकी वाचाशास्त्रज्ञ चार्ल्स व्हॅन रायपर (१९०५-१९९४) यांच्या नावाशी जोडलेली आहे. ते स्वत: तोतरे बोलत. अडखळणे रोखण्यापेक्षा झगडा न करता, सहजपणे अडखळावे, असा तिचा गाभा आहे.

मानसशास्त्रज्ञ जोसेफ शीहान यांनी तोतरेपणाला हिमनगाची उपमा दिली. ऐकू येते ते फक्त टोक. लाज, भीती आणि अपराधीपणा पाण्याखाली असतात. चहा हवा असताना कॉफी मागणे, फोन टाळणे, मुलाखतीला न जाणे अशा मार्गांनी अनेक जण अडखळणे लपवतात. ऐकणाऱ्याला त्यांचे बोलणे निर्दोष वाटते. पण स्वत:चे नाव सांगायची वेळ आली, की पर्यायी शब्द मिळत नाही.

केवळ अडखळणे मोजणारा उपचार अशा गप्प राहणाऱ्यालाच बरा झालेला समजेल. म्हणून तोतरेपणाचा दैनंदिन जीवनावर होणारा परिणामही आता प्रश्नावलीद्वारे तपासला जातो. स्कॉट यारस व रॉबर्ट क्वेसल यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेली प्रश्नावली त्यांपैकी एक होय.

एखाद्याला सभेत अस्खलित बोलायचे असते, दुसऱ्याला भीती घालवायची असते, तर तिसऱ्याला अडखळत का होईना, मनातलेच बोलायचे असते. काहींना उपचार नकोही असतात. ही निवड त्या व्यक्तीची असते. ऐकणाऱ्याने मात्र त्यांचे वाक्य स्वत: पुरे करू नये, थोडे थांबावे आणि ऐकावे.