पायावरून गेलेले वारे

बुऱ्हाणपूरच्या इतिहासावर बोलताना आपण शाही किल्ल्यापासून सुरुवात करतो आणि कुंडी भंडाऱ्यावर येऊन थांबतो. आज मी आपल्या घरांतल्या इतिहासाकडे वळणार आहे. पन्नाशी-साठीच्या पुढची, पायात कॅलिपर घालणारी किंवा गुडघ्यावर हात टेकून चालणारी एखादी आत्या, एखादे काका आपल्यापैकी अनेकांच्या नात्यात आहेत. त्यांची गोष्ट घरात एकाच वाक्यात सांगितली जाते: ताप आला, सुई दिली आणि पायावरून वारे गेले.

शिकलेली मंडळी या वाक्याला अडाणीपणा म्हणत. तो अडाणीपणा नव्हता. पोलिओचा विषाणू विष्ठेने दूषित झालेल्या पाण्यातून आणि हातांतून पोटात जातो. सुमारे २०० मुलांना लागण झाली, तर लुळेपणा एखाद्यालाच येतो. बाकीच्यांना साधा ताप येतो किंवा काहीच होत नाही. मात्र विषाणू अंगात असताना स्नायूत इंजेक्शन दिले, तर त्याच अवयवाला लुळेपणा येण्याचा धोका वाढतो, हे वैद्यकशास्त्राने मान्य केले आहे. रोग सुईने दिला नव्हता, पण आईने पाहिले ते खोटेही नव्हते.

१२ एप्रिल १९५५ रोजी अमेरिकेत जोनास साल्क यांची लस यशस्वी ठरल्याचे जाहीर झाले. तेव्हा आपला कारभार नागपूरहून चालत होता. पुढे आल्बर्ट सेबिन यांचे स्वस्त, तोंडाने द्यायचे थेंब आले. तरी देशव्यापी लसीकरणात पोलिओचे थेंब यायला १९७९ साल उजाडले. आपल्या आत्या-काकांचे बालपण या मधल्या काळातले.

दुसरा प्रश्न पुढच्या पिढीने विचारला: ‘थेंब कितीदा पाजायचे?’ १९९५ मध्ये पल्स पोलिओ सुरू झाले. करंगळीला शाईची खूण आणि दारावर खडूने ‘पी’ किंवा ‘एक्स’ हे सर्वांच्या आठवणीत आहे. उत्तर प्रदेश-बिहारात अनेक घरांनी दार लावून घेतले. यात काही काळेबेरे असल्याच्या अफवा उठल्या. नाली तुंबली आहे, दवाखान्यात औषध नाही, मग थेंबच का दारी येतात, असेही लोक विचारत.

या प्रश्नातही तथ्य होते. श्रीमंत देशांत तीन मात्रा पुरत. आपल्याकडे त्या पुरत नाहीत, हे वेल्लोरचे डॉ. टी. जेकब जॉन १९७० च्या दशकापासून सांगत होते. वारंवारचे जुलाब आणि आतड्यांतले इतर विषाणू यांमुळे थेंबांची लस नीट रुजत नसे. म्हणजे पुन्हा पुन्हा येण्याचे कारण पाणी आणि नाली हेच होते. हे लोकांना समजेल असे सांगायला मात्र फार वर्षे लागली.

उत्तर मिळाले ते कामातून. मशिदींतून आवाहने झाली, थेंबांबरोबर जुलाबावरची औषधे आणि स्वच्छतेची शिकवण पोहोचली, २०१० मध्ये अधिक परिणामकारक द्विसंयोजी लस आली. २००९ मध्ये देशात ७४१ रुग्ण होते. २०१० मध्ये ४२ उरले. त्यांतले ५ महाराष्ट्रातले, आणि त्यांत आपल्यासारखेच यंत्रमागांचे शहर असलेले मालेगावही होते. शेवटची रुग्ण हावड्याची एक चिमुकली, १३ जानेवारी २०११. २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त ठरला.

२०१५ च्या अखेरीस पोलिओची सुई नेहमीच्या लसीकरणात आली. ज्या सुईला आपल्या आज्या भीत, तीच आता नातवंडांचे पाय राखते. पाकिस्तान आणि अफगाणिस्तानात विषाणू अजून आहे, म्हणून थेंब आणि सुई दोन्ही चालू ठेवणे भाग आहे.

राहता राहिले आपले आत्या-काका. पोलिओ होऊन गेल्यावर तीस-चाळीस वर्षांनी स्नायू पुन्हा दुबळे होऊ शकतात, लवकर थकवा येतो. घरचे त्याला वय म्हणतात किंवा आळस म्हणतात. एकदा आपण त्यांच्या आईचे म्हणणे ऐकले नव्हते. आता त्यांचे तरी ऐकू या, त्यांना डॉक्टरांकडे नेऊ या, आणि ते सांगतील ते लिहून ठेवू या. किल्ल्याचा इतिहास पुस्तकात सापडेल. हा त्यांच्याबरोबरच जाईल.