बांध कोणाचा?

२३ जुलै २०२१, शुक्रवार. सत्तरीत म्हादई आणि पलीकडे खांडेपार नदी काठ सोडून गावांत शिरली होती. गोव्यात त्या पुरात हजाराच्या आसपास घरांची हानी झाली. १९८२ नंतरचा हा सर्वांत मोठा पूर, असे मुख्यमंत्री प्रमोद सावंत यांनी तेव्हा सांगितले.

आमच्या तिसवाडीतल्या गावात घरांत पाणी आले नव्हते, तरी संध्याकाळी वीस-पंचवीस माणसे छत्र्या घेऊन बांधावर उभी होती. मीही त्यांत होतो. दुसऱ्या दिवशी गुरुपौर्णिमा, म्हणजे भरती उधाणाची. वरून म्हादईचे पाणी मांडवीतून उतरणार, खालून समुद्र चढणार आणि दोघांची गाठ पडणार ती आमच्या गावापाशी. शेजारी उभे असलेले एक वयस्क शेतकरी म्हणाले, "पंचवीस जण जमलो रे, पण खोरे एकाच्याही हातात नाही."

ते वाक्य माझ्या डोक्यातून गेले नाही. गोव्यातल्या पुराचा इतिहास वाचू लागलो तो त्यानंतर.

आपल्या पूर्वजांनी नदीकाठची दलदल बांध घालून लागवडीखाली आणली. तिलाच आपण खाजन म्हणतो. गोव्यात अशी जमीन सुमारे १८,००० हेक्टर मानली जाते. भरतीच्या पाण्याच्या पातळीपेक्षा ती खाली असते. बांध चिखल, पेंढा आणि चिऱ्यांचा. बांधात मानस, म्हणजे लाकडी दारांची मोरी. भरती आली की नदीच्या दाबाने दारे आपोआप मिटतात, ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतात. पावसाचे पाणी भरती संपेपर्यंत शेतांत आणि आतल्या पोयीत थांबते, मग बाहेर जाते. आपण खाजनाकडे कोरगूट भाताची शेती म्हणून पाहतो, पण गावाचे पावसाचे पाणी काही तास साठवून ठेवणारी जागाही तीच. ती बुजवली की ते पाणी घरांकडे वळते.

ही विद्या किती जुनी? बांदोडे येथे मिळालेला मौर्य राजा अनिर्जितवर्मन याचा ताम्रपट पाचव्या-सहाव्या शतकातला मानला जातो. त्यात 'खज्जण' जमिनीचे दान आहे. रान तोडायचे, खारे पाणी अडवायला बांध घालायचा आणि जमीन पिकवायची, असा त्याचा आशय. म्हणजे दीड हजार वर्षांपूर्वीही जमिनीच्या दानाबरोबर बांधाचे काम आलेच.

पुढे हे काम गांवकारीने सांभाळले. पोर्तुगीज आले तेव्हा ही व्यवस्था इतकी घट्ट होती की त्यांना ती मोडता आली नाही. १५२६ साली आफोंसो मेशिया याने तिसवाडीतल्या गांवकारीचे रीतिरिवाज 'फोराल' म्हणून लिहून काढले. नंतर तिचे नाव कोमुनिदाद झाले, कायदे आले, पण बांधाची जबाबदारी गावाकडेच राहिली. शेते लिलावाने खंडावर दिली जात. मानशीच्या तोंडाशी जाळे लावून नुस्ते धरण्याच्या हक्काचाही लिलाव होई. या उत्पन्नातून बांधाचा खर्च निघे आणि उरले ते गांवकरांना 'जोण' म्हणून वाटले जाई. बांधाला खांड पडली की रात्री-अपरात्री हाक मारली जाई आणि घरटी एक माणूस चिखल उपसायला जाई, असे आमच्या गावात जुनी माणसे अजून सांगतात.

इथे मला थांबावेसे वाटते. अलीकडे गांवकारीबद्दल फार हळवेपणाने लिहिले जाते. माझे आजोबा गांवकर नव्हते, कूळ होते. डोक्यावरून चिखलाच्या पाट्या वाहिल्या त्या गावडे-कुणब्यांनी आणि आमच्यासारख्यांनी. जोण मात्र गांवकर घराण्यांतल्या पुरुषांनाच मिळे. बांध सगळ्यांचा असला तरी त्याच्या मागचे शेत सगळ्यांचे नव्हते.

मुक्तीनंतर १९६४ साली कूळ कायदा आला आणि १९७६ च्या पाचव्या दुरुस्तीने कूळ जमिनीचे मालक होण्याचा मार्ग खुला झाला. आमच्या घरात त्या कागदाची आजही पूजा होते, आणि ती योग्यच आहे. पण जमीन घरोघरी वाटता आली, बांध वाटता येईना. तो एकत्रच राखावा लागतो. सरकारने १९७५ साली नियम करून ही जबाबदारी कुळांच्या संघांवर टाकली. काही गावांत हे संघ चांगले चालले. बऱ्याच ठिकाणी मानशीचा लिलाव तेवढा उत्साहाने होऊ लागला, आणि जाळ्यात नुस्ते जास्त मिळावे म्हणून दारे नको तेव्हा उघडी राहू लागली. त्यात खनिजाच्या बार्जींच्या लाटा काठावर आपटून बांध पोखरत होत्या. शेत सोडून नोकरीला लागलेल्या आमच्यासारख्यांना बांधाची आठवण फक्त उधाणाला येऊ लागली.

त्या पौर्णिमेला आमचा बांध टिकला. ऑगस्टमध्ये मात्र मानशीजवळ खांड पडली आणि खारे पाणी आत आले. अर्ज गेला. मी स्वतः सरकारी कारकून, त्यामुळे फाईल कशी फिरते ते मला माहीत आहे. एका टेबलावर शेरा पडला, बांध कोमुनिदादचा. दुसऱ्यावर, कुळांच्या संघाचा. तिसऱ्यावर, निधी आल्यावर पाहू. शेरे नियमाला धरून होते. तोवर शेतात दोनदा भरती येत-जात राहिली. पाणी असेच राहिले तर तिथे खारफुटी उगवते आणि मग तिला हात लावायला परवानगी लागते. शेत कायमचे जाते ते असे.

पणजीही याच इतिहासाची लेक. १६३३-३४ च्या सुमारास व्हाइसरॉय लिन्यारेसने रायबंदरपर्यंत पूल बांधला तो दलदलीतून आणि मिठागरांतून. एकोणिसाव्या शतकात मानुएल द पोर्तुगाल इ काश्त्रोने दलदल बुजवून शहर वाढवले. आज जरा जोराचा पाऊस आणि भरती एकदम आली की मळा आणि १८ जून रस्ता पाण्याखाली जातो. पाणी आपल्या जुन्या जागेवर येते, एवढेच.

आमच्या खांडीचे शेवटी काय झाले? पावसाळा सरल्यावर आठ-दहा घरांनी वर्गणी काढली, बाहेरून यंत्र आणले आणि खांड बुजवली. निधी नंतर आला, तो मानशीच्या दारांना लागला. गेल्या मे महिन्यात संघाच्या बैठकीला मी पहिल्यांदाच गेलो. लिलावाचे पैसे आधी बांधाला आणि उरले तर इतर कामांना, असा ठराव झाला. तो लिहून काढायचे काम माझ्याकडे आले. त्यावर सह्या किती? अकरा. शेते आहेत साठावर घरांची. उरलेल्या घरांच्या दारात आता एकेक करून जायचे आहे.