वानफ्रीड : एका बंगल्याचें नांव

जर्मनींतील बायरॉइट गांवीं संगीतनाटककार रिखार्ड वाग्नर यानें बव्हेरियाचा राजा दुसरा लुडविग याच्या देणगींतून एक बंगला बांधला व १८७४ सालीं तो तेथें राहावयास गेला. भ्रमाला जेथें शांति लाभली तें घर, या अर्थानें नांव ठेविलें ‘वानफ्रीड’. १८८३ सालीं त्याला बागेंतच पुरलें. शिळेवर नांवहि नाहीं. पण भ्रम कोठला शमावयास! १९२३ सालीं हिटलर प्रथम तेथें आला, आणि वाग्नरच्या सुनेनें त्याला घरच्यासारखें वागविलें. सगळा दोष तिच्याच माथीं मारणें मात्र मला न्याय्य वाटत नाहीं. ज्यू लोकांविरुद्ध द्वेषाचा लेख १८५० सालीं खुद्द वाग्नरनेंच लिहिला होता. एप्रिल १९४५ मध्यें बॉम्ब पडून बंगल्याची बागेकडील बाजू कोसळली. पुढें ती पुन्हा उभारून १९७६ सालीं तेथें संग्रहालय उघडलें.