पाटा (मोटारवाहन)

पाटा हा वाहनाचा भार पेलणारा व रस्त्यावरील धक्के सौम्य करणारा स्प्रिंगचा प्रकार आहे. कमानीसारख्या वाकवलेल्या पोलादी पट्ट्या एकावर एक ठेवून तो तयार होतो. भारतात १९८४ ते २०१९ या काळात उत्पादित झालेल्या मारुती ओम्नी (आरंभीचे नाव मारुती व्हॅन) या वाहनाच्या मागील चाकांना असे पाटे असतात.

रचना
सर्वांत लांब पट्टीस मुख्य पाटा म्हणतात. तिची टोके वळवून केलेल्या डोळ्यांपैकी एक सांगाड्याला व दुसरा हलत्या शॅकलला जोडलेला असतो. भाराने पाटा सपाट होऊन लांबतो, तेव्हा ती वाढ शॅकल सामावून घेते. सेंटर बोल्ट पट्ट्या एकत्र ठेवतो, तर यू-बोल्ट पाटा व ॲक्सल आवळून धरतात. त्यामुळे मुख्य पाटा तुटल्यास ॲक्सल सरकून वाहनावरील ताबा सुटू शकतो.

निदान
अतिभार, गंज व सैल यू-बोल्ट ही तुटण्याची प्रमुख कारणे होत. गाडी एका बाजूस झुकणे, खड्ड्यात मागून खडखडाट होणे आणि गाडी तिरकी चालणे ही लक्षणे आहेत. रिकामी गाडी सपाट जागी उभी करून चाकाच्या मध्यापासून वरच्या पत्र्याच्या कडेपर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंना मोजतात. चीर अनेकदा सेंटर बोल्टच्या छिद्राजवळ आढळते.

बदलण्याची पद्धत
पुढील चाकांना अडण लावून सांगाडा स्टँडवर टेकवतात व ॲक्सलला वेगळ्या जॅकचा आधार देतात. नंतर यू-बोल्ट व डोळ्यांचे बोल्ट काढून पाटा उतरवतात. नवा पाटा बसवताना सेंटर बोल्टचे डोके ॲक्सलवरील खाचेत बसणे आवश्यक असते. यू-बोल्ट नवे वापरतात. डोळ्यांचे बोल्ट गाडीचा भार चाकांवर आल्यावरच शेवटचे आवळतात, अन्यथा रबरी बुश पिळले जाऊन लवकर फाटतात. तुटलेली पट्टी वेल्डिंगने जोडू नये. उष्णतेने पोलादाला दिलेले पाणी उतरते. जुन्या गाडीत दोन्ही बाजूंचे पाटे एकदम बदलल्यास उंची समान राहते.

तपासणी
अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) येथील वाहन संशोधन व विकास संस्था ही केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२६ नुसार वाहनांच्या नमुन्यांची चाचणी घेणाऱ्या संस्थांपैकी एक आहे. ही चाचणी नव्या नमुन्याची असते. वापरातील गाडीची झीज तीत कळत नाही. खासगी वाहनाची नोंदणी १५ वर्षांनी संपते व पुढे दर ५ वर्षांनी तपासणीनंतर तिचे नूतनीकरण होते. जिल्ह्यात हे काम अहिल्यानगर (एमएच १६) व श्रीरामपूर (एमएच १७) येथील परिवहन कार्यालये पाहतात. दोन तपासण्यांमधील काळात पाट्यांवर लक्ष ठेवण्याची जबाबदारी वाहनमालकाची असते.