भारी शिक्षक नेमका कशामुळे घडतो? नागपूरच्या बारसे सरांच्या गोष्टीतून समजून घेऊ

५ सप्टेंबर आला की आपल्या सगळ्यांच्या स्टेटसला एखाद्या सर-मॅडमचा फोटो असतो. डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांचा हा जन्मदिवस १९६२ पासून शिक्षक दिन म्हणून साजरा होतो. पण आपण फोटो टाकतो तो दहा-वीस शिक्षकांपैकी एखाद-दोघांचाच. बाकीच्यांनीही शिकवलं होतंच की. मग त्या एखाद-दोघांमध्ये असं काय होतं?

उत्तर शोधायला फार लांब जायची गरज नाही. उत्तर नागपुरातल्या जरीपटक्यात राहणाऱ्यांना तर ते जवळच सापडेल. शहराच्या याच बाजूला, कोराडी रोडवर पुढे बोखारा लागतं. झोपडपट्टीतल्या मुलांना फुटबॉल शिकवणाऱ्या एका संस्थेचं काम तिथून चालतं. तिचं नाव ‘स्लम सॉकर’ आणि ती उभी करणारा माणूस म्हणजे प्रा. विजय बारसे.

बारसे सरांनी काय केलं?

बारसे सर नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात क्रीडा शिक्षक होते. २००१ सालच्या पावसाळ्यात त्यांना झोपडपट्टीतली काही पोरं दिसली. पोरं भर पावसात एक तुटकी प्लास्टिकची बादली पायानं लाथाडत होती आणि त्यातच त्यांचा फुटबॉल रंगला होता.

हे दृश्य आपल्यापैकी अनेकांनी पाहिलं असतं आणि आपण पुढे गेलो असतो. सर थांबले. त्यांनी पोरांना खराखुरा बॉल दिला. मग त्यांच्या लक्षात आलं, की जेवढा वेळ ही पोरं मैदानावर असतात तेवढा वेळ ती व्यसनं आणि मारामाऱ्यांपासून लांब असतात. त्याच वर्षी झोपडपट्टी फुटबॉल सुरू झालं. पुढे त्याचंच ‘स्लम सॉकर’ झालं.

इथे शिकलेली मुलं बेघरांच्या जागतिक फुटबॉल स्पर्धेपर्यंत, म्हणजे होमलेस वर्ल्ड कपपर्यंत पोहोचली. गुन्हेगारीच्या वाटेवरून परत फिरलेला अखिलेश पॉल २०१० मध्ये रिओ दि जानेरोत भारताच्या संघाचा कप्तान होता. २०१४ मध्ये ‘सत्यमेव जयते’मधून ही गोष्ट घराघरांत गेली. २०१६ मध्ये संस्थेला फिफाचा डायव्हर्सिटी अवॉर्ड मिळाला. २०२२ मध्ये नागराज मंजुळेंचा ‘झुंड’ आला. त्यात अमिताभ बच्चन यांनी केलेली भूमिका बारसे सरांवरच बेतलेली आहे.

आता या गोष्टीतून आणि अशाच इतर उदाहरणांतून चांगल्या शिक्षकाचे गुण एकेक करून बघू.

१. इतरांना जे दिसत नाही ते त्यांना दिसतं

बस्तीतल्या लोकांना त्या पावसात टवाळ पोरं दिसत होती, सरांना खेळाडू दिसले. शिक्षक मुलाकडे काय म्हणून बघतो, याचा परिणाम मुलावर होतो. हे फक्त भावनिक बोलणं नाही, यावर गाजलेला प्रयोग झालेला आहे.

१९६५ मध्ये रॉबर्ट रोझेंथाल या मानसशास्त्रज्ञानं आणि लेनोर जेकबसन या मुख्याध्यापिकेनं कॅलिफोर्नियातल्या एका शाळेत मुलांची चाचणी घेतली. मग शिक्षकांना काही नावं देऊन सांगितलं, की ही मुलं यंदा मोठी झेप घेणार. खरंतर ही नावं चिठ्ठ्या टाकल्यासारखी, कशीही निवडलेली होती. वर्षाअखेर बघितलं तर त्यातल्या लहान वर्गांतल्या मुलांनी इतरांपेक्षा जास्त प्रगती केलेली होती. पुढे या प्रयोगावर बरीच टीका झाली. शिक्षकाच्या अपेक्षेचा परिणाम असतो, पण तेव्हा वाटला तेवढा मोठा नसतो, असं नंतरचे अभ्यास सांगतात.

परिणाम छोटा असला तरी तो रोजचा असतो. वर्गात एकदा ‘ढ’ हा शिक्का बसला की त्या मुलाला प्रश्न कमी विचारले जातात, उत्तर द्यायला वेळ कमी मिळतो आणि हळूहळू ते हात वर करायचंच सोडून देतं.

२. मूल येत नसेल तर ते मुलाकडे जातात

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि नंतर कोसबाड इथे आदिवासी मुलांसाठी काम केलं. हा भाग आता पालघर जिल्ह्यात येतो. तिथली मुलं शाळेत यायची नाहीत, कारण ती गुरं चारायला जायची. मग या दोघींनी काय केलं? जिथे गुरं चरतात त्या कुरणातच शाळा भरवली. तिचं नाव ‘कुरणशाळा’. लहान मुलांसाठी वस्तीतल्या अंगणात बालवाडी भरवली. आज आपण सहज ‘अंगणवाडी’ म्हणतो, त्या कल्पनेची मुळं या कामात आहेत.

“पोरं येतच नाहीत, आम्ही काय करणार?” हे म्हणायची सोय त्यांनाही होती, त्यांनी ती वापरली नाही.

३. ते स्वतः शिकत राहतात

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले गुरुजी आठवतात ना? जिल्हा परिषदेच्या शाळेत रुजू झाल्यावर त्यांना कळलं, की मुलांची घरची भाषा कन्नड आहे आणि पुस्तकं वेगळ्या भाषेत आहेत. मग गुरुजी स्वतः कन्नड शिकले. पुस्तकांना क्यूआर कोड जोडून त्यांनी मुलांना ऑडिओ आणि व्हिडिओ मिळतील अशी सोय केली. ही कल्पना पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांत आली.

डिसेंबर २०२० मध्ये त्यांना १० लाख डॉलरचा ग्लोबल टीचर प्राइज मिळाला आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकी ९ शिक्षकांना वाटून दिली.

जरीपटक्यासारख्या भागात भाषेचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांमुळे ही वस्ती वाढली. इथे एकाच गल्लीत घरात सिंधी, बाजारात हिंदी आणि सरकारी कामाला मराठी ऐकू येते, त्यात शाळा इंग्रजी माध्यमाची. अशा वर्गात मूल गप्प असेल तर त्याला विषय येत नाही की नुसती भाषा अडली आहे, हे ओळखणारा शिक्षक लागतो.

४. चूक झाली तर पुढे काय करायचं ते सांगतात

१९८८ मध्ये रूथ बटलर या संशोधिकेनं इस्रायलमधल्या शाळकरी मुलांचे तीन गट केले. एका गटाला फक्त मार्क, दुसऱ्याला फक्त शेरा आणि तिसऱ्याला दोन्ही. सुधारणा आणि गोडी टिकली ती फक्त शेरा मिळालेल्या गटात. मार्क आणि शेरा दोन्ही दिले तर मुलांनी मार्कच बघितले.

म्हणजे ‘४/१०, अभ्यास वाढवा’ याचा फारसा उपयोग नाही. ‘उदाहरण बरोबर सुरू केलंस, तिसऱ्या पायरीवर चिन्ह बदलायचं राहिलं’ याचा आहे.

५. भीती न दाखवता शिस्त लावतात

मैदानावर वेळेत यावं लागतं, नियम पाळावे लागतात आणि सोबत्याला पास द्यावा लागतो. हीसुद्धा शिस्तच, पण ती खेळायची ओढ असते म्हणून येते. छडीबाबत तर कायदाच स्पष्ट आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ नुसार शाळेत मुलाला मारणं आणि मानसिक त्रास देणं, दोन्हीला बंदी आहे. ‘मार खाल्ला म्हणून घडलो’ असं म्हणणारे पुष्कळ असतात. मार खाऊन शाळा सोडलेले मात्र हे सांगायला समोर नसतात.

पण एका शिक्षकानं खरंच एवढा फरक पडतो?

हो. राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या १० लाखांहून जास्त मुलांच्या नोंदी तपासल्या. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार, ज्यांना लहानपणी चांगले शिक्षक मिळाले ती मुलं पुढे कॉलेजात जाण्याची शक्यता जास्त होती आणि त्यांची कमाईही जास्त होती.

मग सगळा भार शिक्षकावरच टाकायचा का?

इथे जरा थांबायला हवं. प्रेरणादायी शिक्षकांच्या गोष्टी शेअर करताना आपण एक सोयीस्कर चूक करतो. एका माणसानं सगळं केलं म्हटलं की व्यवस्थेला प्रश्न विचारायची गरज उरत नाही.

याच कायद्यात प्राथमिक वर्गांसाठी ३० मुलांमागे एक शिक्षक आणि सहावी ते आठवीसाठी ३५ मुलांमागे एक शिक्षक, असं प्रमाण दिलं आहे. कलम २७ नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकांना शिक्षणाबाहेरच्या कामाला लावता येत नाही. ६० मुलांच्या वर्गात प्रत्येक वहीवर नीट शेरा लिहायला वेळ कुठून येणार? गुण शिक्षकाचे असतात, पण ते वापरायला सवड द्यावी लागते. ती द्यायचं काम शाळेचं आणि सरकारचं.

आपल्या मुलाचा शिक्षक चांगला आहे, हे कसं ओळखायचं?

चौकातल्या फ्लेक्सवरचे ९५ टक्केवाले फोटो बघून तर नक्कीच नाही. आधीच हुशार असलेली मुलं निवडली की निकाल चांगला लागतोच. त्यापेक्षा मुलाला घरी आल्यावर तीन गोष्टी विचारा.

- आज वर्गात तू काय विचारलंस?
- चुकलं तेव्हा सर किंवा मॅडम काय म्हणाले?
- वर्गात सगळ्यात मागे पडणाऱ्या मुलाशी ते कसे बोलतात?

तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. पहिल्या बाकावरच्या मुलाशी सगळेच नीट बोलतात. पावसात तुटकी बादली लाथाडणाऱ्या पोरांपाशी थांबणारे थोडे असतात.

तुम्हाला असे शिक्षक भेटले असतील, तर या वेळी नुसता फोटो टाकू नका. त्यांनी नेमकं काय केलं, ते दोन ओळींत लिहा. आज वर्गात उभ्या असलेल्या एखाद्या नव्या शिक्षकाला त्या दोन ओळी कामी येतील.